घरातला ससा

कुणीतरी कंटाळून बागेत सोडलेला पांढरा ससा मुलीने घरी आणला, तेव्हा शेजारच्या खाला म्हणाल्या, "हलाल आहे, कापा की!" हलाल आहेच, पण आसऱ्याला आलेल्या जिवावर सुरी चालवायला मन होईना. बागेत परत सोडणंही नको. हा रानसशाच्या जातीचा नव्हे, मुंगूस-कुत्र्यांपुढे काय टिकणार? गाजर क्वचितच देतो. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला सुकं गवत सतत समोर लागतं. मे महिन्यात तर त्याचे हालच. अंगातली उष्णता बरीचशी कानांतून जाते, म्हणून दुपारभर थंड लादीवर पसरलेला असतो. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मुलांना मी कितीदा सांगितली असेल! आता सुट्टीत मुंबईला निघायचं तर पहिला प्रश्न, गवत कोण घालणार? खालाच घालतात.