विश्रांती कक्षात बोकडं नाहीत, घंटागाड्या आहेत

काल बाजार होता. दुपारी दीडच्या सुमारास नगरपरिषदेच्या कत्तलखान्यामागे उभा होतो. एका पिकअपमधून बोकडं उतरवत होते. उतरवत कसली, कान धरून खाली ओढत होते. त्यातलं एक काळं बोकड खाली आलं आणि जागीच बसलं. तोंड उघडं, नुसती धाप. गाडी पहाटे निघालेली म्हणे.

खाटीक मामांना म्हटलं, "मामा, पाणी तरी पाजा." (मटण मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घेतो, उगाच साळसूदपणा नको.)

मामा म्हणाले, "नळ दाखवा पत्रकारसाहेब, आत्ता पाजतो."

मागच्या शेडवर पाटी आहे, 'पशु विश्रांती कक्ष'. आत दोन मोडक्या घंटागाड्या आणि मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स. हौद आहे, पण त्यात पालापाचोळा. नळाला तोटीच नाही.

केंद्र सरकारचे कत्तलखान्यांचे नियम २००१ पासून आहेत. डॉक्टरने जनावर तपासायचं, तेही तासाला १२ च्या वर नाही, दिवसाला ९६ च्या वर नाही. मग कापायच्या आधी २४ तास विश्रांती. शेळी-मेंढीला १.६ चौरस मीटर जागा, मोठ्या जनावराला २.८. ऊन, थंडी, पाऊस लागू नये असा आडोसा आणि पाण्याची सोय.

भूतदया बाजूला ठेवा हवं तर. आपल्या ताटाचं बघा. दमलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंमधली साखर आधीच संपलेली असते. त्यामुळे कापल्यावर मांसात पाहिजे तेवढं आम्ल तयार होत नाही. मटण काळपट, कोरडं राहतं आणि लवकर खराब होतं. रविवारी सकाळी रांग लावून आपण तेच घेतो.

संबंधित साहेबांना फोन केला. म्हणाले, "अहो, उद्या कापायचीच आहेत ना?"

राग आला. पण या शेडच्या उद्घाटनाची बातमी मीच छापली होती. प्रेसनोट आली, फीत कापतानाचा फोटो आला, लावली. मागे जाऊन तोटी आहे का, बघितलं नाही. जनावरांची गाडी पकडली की आम्ही रात्री दोनलाही कॅमेरा घेऊन पळतो. त्या जनावरांना सकाळी पाणी कुणी पाजलं, ही बातमी वीस वर्षांत मी एकदाही केली नाही.

शेवटी मामांनीच घरून कॅन आणला. काळ्या बोकडाने अर्धी बादली एका दमात संपवली. तेवढ्यात बाजार फीची पावती फाडणारा पोरगा आला. मामांनी पैसे दिले, पावती माझ्या हातात ठेवली.

फोटो खाली टाकलाय, पावतीचा आणि हौदाचा. पुढच्या बाजारी सकाळी दहाला मी शेडवर असेन. घंटागाड्या बाहेर ढकलायला चार माणसं लागतील.