मावशीचा सव्विसावा मजला

आम्ही बऱ्हाणपूरची मुलं. आमच्या लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे मुंबईची मावशी. वरळीच्या बीडीडी चाळीत तिची 160 चौरस फुटांची एक खोली होती. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. मधून लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या आणि संडास सामाईक. आम्ही व्हरांड्यातच झोपायचो. काय मजा यायची! मावशी मात्र संध्याकाळी सातनंतर पाणी प्यायची नाही. रात्री संडासापर्यंत जावं लागू नये म्हणून, हे मला फार उशिरा कळलं.

पुनर्विकास झाला आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना म्हाडाच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत मावशीही होती. चाळीस मजली इमारत, 500 चौरस फुटांचं घर. दिवाळीनंतर आईला आणि दराब्याचा डबा घेऊन मी गेलो. मावशीने घर दाखवायला सुरुवात केली ती बाथरूमपासून! मग खिडकीतून वाऱ्याला हात लावून दाखवला.

दोन दिवसांत बाकीचंही दिसलं. घरं सोडतीने ठरली, त्यामुळे चाळीतल्या समोरच्या काकू आता अकरा मजले खाली. भाजीवाल्याची हाक सव्विसाव्या मजल्यावर येत नाही. मावशी लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, कोणी सोबत येईपर्यंत खाली बाकावर बसून राहते. मजल्यावरची सगळी दारं बंद.

हिवाळ्यात मावशी बाथरूममध्ये घसरली. मोबाईल स्वयंपाकघरात, मावसभाऊ ऑफिसात. तो घरी येईपर्यंत साडेतीन तास ती तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

"चाळीत असतीस तर पाच मिनिटांत माणसं धावली असती," आई फोनवर म्हणाली.

मावशी एकदम चिडली. "चाळीचं कौतुक तुम्ही करा. तुम्ही सुट्टीला यायचात. मी चाळीस वर्षं बादली घेऊन रांगेत उभी राहिले आहे. मला परत तिथे नाही जायचं."

आईही गप्प, मीही गप्प. पण इंजिनिअर ना मी! पडल्यावर आपोआप फोन लावणारं स्मार्टवॉच विकत घेऊन पाठवलं. ते बहुतेक वेळ चार्जिंगलाच असतं.

तोडगा शेवटी मावशीनेच काढला. सकाळी सात आणि दुपारी चार वाजता काकूंना एक मिस्ड कॉल. नाही आला, तर काकूंची सून किल्ली घेऊन वर. काकूंची किल्ली मावशीकडे, मावशीची काकूंकडे. खर्च शून्य. आता त्यात आणखी तीन घरं सामील झाली आहेत.

मी बऱ्हाणपूरच्या नव्या कॉलनीत राहतो, घरूनच काम करतो. इथे ना चाळ, ना टॉवर. तरी दार लावून, कानाला हेडफोन लावून दिवस जातो. शेजारी एक आजी एकट्या राहतात. मुलगा परगावी. तीन वर्षांत मी त्यांच्या घरात एकदाही गेलो नव्हतो.

गेल्या रविवारी दराबा घेऊन गेलो. किल्ली मागायचा धीर काही झाला नाही. नंबर मात्र घेतला.

सोमवारी सकाळी सात वाजता त्यांचाच मिस्ड कॉल आला.