आठवीनंतरचं ताट

दुपारची सुट्टी झाली की आमच्या शाळेत आठवीची पोरं ताटं घेऊन रांगेत लागायची आणि नववी-दहावीची कडुनिंबाखाली डबे उघडायची. ज्यांच्याजवळ डबा नसायचा ती नळावर जायची. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं चौदाव्या वर्षावर रेघ ओढली. पोरगी त्या रेघेपलीकडे गेली की नेमकी तेव्हाच घराला तिच्या हातांची गरज भासू लागते.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. हा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी लागलं तरी ते खारं, त्यामुळे ओलीत नाही. बहुतेकांची सारी भिस्त पावसाच्या एका पिकावर. दसऱ्याच्या सुमारास वावरात सीतादहीची पूजा झाली, कापूस वेचणीला आला, की नववीच्या वर्गातले मुलींचे बाक रिकामे दिसू लागतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे जितके हात तितकी कमाई.

अशाच एका गैरहजर मुलीच्या घरी संध्याकाळी गेलो. पोरगी वर्गात हुशार, बीजगणितात तर सगळ्यांच्या पुढे. आई ओसरीत कापसाचं गाठोडं सोडत होती. मला पाणी दिलं आणि म्हणाली, “सर, आठवीत होती तवा दुपारचं शायेतच जेवे. आता डबा द्या लागते. वेचाले माणसं भेटत नाईत. दिवाईपर्यंत राहू द्या.” तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. घर तिला चालवायचं होतं.

पापळच्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, ते मला त्या रात्री आठवलं. छात्रालय म्हणजे राहणं आणि जेवण. खेड्यातलं पोर शिकवायचं तर आधी त्याच्या पोटाची सोय हवी, हे वऱ्हाडानं तेव्हाच पाहिलं होतं. मग आपण दहावीच्या आधीच हात का आखडता घ्यावा?

दिवाळीनंतर आम्ही नववी-दहावीसाठी वेगळं पातेलं चढवलं. तांदूळ शिक्षकांच्या वर्गणीतून आला. डाळ गावानं दिली. कोणी मागल्या वर्षीची तूर दिली, कोणी मूग. बोअरच्या खाऱ्या पाण्यात डाळ काही केल्या शिजेना. स्वयंपाकाच्या मावशीच म्हणाल्या, “नळाले शहानूर धरणाचं पाणी येते त्या दिवशी डरम भरून ठेवा.” तेव्हापासून नळ आला की दहावीची पोरं आधी ड्रम भरतात, मग वर्गात येतात. फोडणीला मिरची, लसूण. शेवग्याच्या शेंगा असल्या तर त्याही. पहिल्या दिवशी मोठ्या मुली लाजून रांगेत येईनात. मावशींनीच हाक मारून एकेकीला बसवलं.

ती मुलगी परत आली. गैरहजर असलेली दुसरी आली नाही, तिचं लग्न ठरलं. एक पातेलं सगळं थांबवू शकत नाही, पण जे थांबवता येतं ते तरी थांबवायला हवं. दहावीपर्यंत आहार मिळावा, असा ठराव आमच्या ग्रामसभेनं करून वर पाठवला आहे. यंदाची तूर निघाली की शाळेसाठी पायली बाजूला काढू, असं काही शेतकऱ्यांनी आताच सांगून ठेवलंय.