कॉटन घरीच ठेवा, बॉस!

मीरा रोडच्या आमच्या वन बीएचकेमध्ये माझा स्वेटर एकच. तोही माळ्यावरच्या बॅगेत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. त्यामुळे ऑफिसच्या ग्रुपने लडाखला झांस्कर नदीत राफ्टिंग ठरवलं, तेव्हा माझं पॅकिंग पाच मिनिटांत झालं: जीन्स आणि कॉटनचे टी-शर्ट. 'कॉटनच घाल रे, हवा लागते अंगाला,' हा आईचा लहानपणापासूनचा फंडा. कोलाडच्या राफ्टिंगला तो चालूनही गेला होता.

चिलिंगला उतरलो तर चक्क कडक ऊन! गाइडने वेटसूट दिला. घट्ट सूट कोण घालणार, म्हणून मी गुपचूप दोन साइझ मोठा उचलला. आत टी-शर्ट तसाच.

निमूच्या अलीकडे एका लाटेने मला राफ्टबाहेर फेकलं. पहिल्या फटक्यात श्वासच अडकला. सैल गळ्यातून बर्फाचं पाणी आत शिरलं, पाठीवरून वाहत गेलं, पुन्हा नवं आलं. दोर हाताला लागला, पण बोटं मिटेनात. मित्राने लाइफ जॅकेट धरून वर खेचलं, म्हणून आज हे लिहितोय.

नंतर खरा फंडा कळला. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता खेचतं. वेटसूट पाणी अडवत नाही. आत आलेला पाण्याचा पातळ थर तो अडकवून ठेवतो, अंग तो थर गरम करतं आणि निओप्रीनमधले बुडबुडे ती ऊब धरून ठेवतात. सूट सैल, तर सगळा खेळ खलास. आणि ओलं कॉटन? जुलैत भिजलेल्या जीन्सने ऑफिसच्या एसीत बसला असालच!

म्हणून कपडे ऊन बघून नाही, पाणी बघून निवडा. सूट ट्राय करताना उकिडवे बसा, वल्हं मारल्यासारखे हात फिरवा. खांदे आखडले, तर बिनबाह्यांचा सूट घ्या आणि वर वॉटरप्रूफ जॅकेट चढवा. पाणी फारच गार असेल, तर गळ्या-मनगटाशी सीलबंद असणारा ड्रायसूट. तो स्वतः ऊब देत नाही, म्हणून आत लोकरीचे कपडे हवेत. लाइफ जॅकेट मात्र सगळ्यांच्या वर, बक्कल लावून.

घरी आल्यावर आईला अर्धीच स्टोरी सांगितली. ती एवढंच म्हणाली, ''माळ्यावरचा स्वेटर तरी न्यायचास!''

लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. यावेळी आईचं बरोबर होतं.