पहिल्या ओळीचा शुक्रवार

अमेरिकेत ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांच्या वाचकांमध्ये, आणि त्यांत बायकाच अधिक, एक प्रथा रुळली आहे. शुक्रवार आला की हाताशी असेल ते पुस्तक उघडायचे आणि त्याचे पहिले वाक्य मैत्रिणींना ऐकवायचे. पुस्तक वाचून संपलेले असो की नुकतेच आणलेले, कथानक सांगण्याची गरज नसते. लेखिकेचे नाव आणि ती एक ओळ पुरते. ऐकणारी त्या बदल्यात आपल्या पुस्तकातली ओळ देते.

या साहित्यप्रकारात पहिल्या ओळीला एवढे मोल येते, कारण शेवट सगळ्यांनाच ठाऊक असतो. नायक-नायिका एकत्र येणार, आणि त्याआधी दोघांपैकी एकाचा तरी देवावरचा रुसवा निघणार. या पुस्तकांचे प्रकाशक आणि ती विकणारी ख्रिस्ती दुकाने यांची शिस्तही कडक असते. पात्रांच्या तोंडी शिव्या चालत नाहीत आणि शयनगृहाचे दार वाचकासाठी बंद असते. त्यामुळे अनिश्चिततेला खरी जागा उरते ती आरंभी. तिथे बाई एकटी असते, तिच्या हाती एखादे पत्र असते किंवा समोर उघडी कबर असते, आणि पुढचे दार कोण उघडेल हे तिला माहीत नसते. ठाऊक असलेला शेवट वाचणारीला घटकाभर विसरायला लावणे हे पहिल्या वाक्याचे काम. ते ज्या लेखिकेला साधते, तिला पुढची तीनशे पाने माफ असतात.

आरंभाच्या काही तऱ्हा ठरून गेल्या आहेत. आगगाडी स्टेशनात शिरते आणि पत्रातून ठरलेली वधू खाली उतरते. वडिलांचे मृत्युपत्र वाचले जाते. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात एखादी आमिश मुलगी पोटमाळ्यावरची पेटी उघडते. पहिल्याच ओळीत हात जोडणारी नायिका मात्र सहसा जमत नाही. श्रद्धा ही या कादंबऱ्यांतली मिळवायची गोष्ट आहे. ती दारातच मिळाली तर पुढे चालायचे कशासाठी? चांगल्या लेखिका पहिल्या वाक्यात देवाचे नाव न घेता त्याची उणीव जाणवून देतात.

पहिली ओळ नेमकी कोणती, हाही प्रश्न असतो. मुखपृष्ठामागे अर्पणपत्रिका, तिच्यामागे बहुधा पवित्र शास्त्रातले एखादे वचन, मग प्रस्तावनेचे प्रकरण आणि त्यानंतर पहिले प्रकरण. फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या 1991 मधल्या ‘रिडीमिंग लव्ह’ची प्रस्तावना 1835 मधल्या लहान मुलीची आहे आणि पहिले प्रकरण सोन्याच्या शोधाने झपाटलेल्या कॅलिफोर्नियातले. होशेय संदेष्टा आणि त्याची व्यभिचारी पत्नी गोमर यांची जुन्या करारातली कथा तिथे नव्याने मांडलेली आहे. मूल आणि पुढे वेश्या झालेली तीच बाई, अशा दोन पहिल्या ओळी या कादंबरीला आहेत. मुलीची ओळ आधी वाचलेली असेल तरच दुसरीचा घाव खोल जातो, म्हणून सांगायची ती मुलीची. कॅथरिन मार्शल यांच्या 1967 मधल्या ‘क्रिस्टी’तही प्रस्तावना आहे, पण तिथे न्याय उलटा करावा लागतो. 1912 च्या हिवाळ्यात एकोणीस वर्षांची मुलगी आगगाडीने टेनेसीच्या डोंगरांत शिकवायला निघते, तिथेच ती गोष्ट खरी सुरू होते. ही मुलगी लेखिकेने आपल्या आईवरून रेखाटली. ख्रिस्ती कादंबऱ्यांसाठीचे ‘क्रिस्टी’ पुरस्कार याच पुस्तकाच्या नावाचे आहेत.

धार्मिक वळणाच्या प्रेमकथा त्याआधीही होत्या. ग्रेस लिव्हिंगस्टन हिल यांनी 1947 मध्ये निधन होईपर्यंत शंभरावर पुस्तके लिहिली. परंतु आजच्या वाचकांचा वंश 1979 पासून मोजला जातो. त्या वर्षी बेथनी हाउस या प्रकाशनसंस्थेने जेनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची पहिली कादंबरी ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ काढली. तिचा आरंभ हवामानाचा आहे. ऑक्टोबरचा मध्य, वेळेला न शोभणारी ऊब, प्रवासी गाडीच्या कापडी छतावर पडलेले सकाळचे ऊन. हवामानाने सुरुवात करू नये असे लेखनाचे शिक्षक बजावत असतात, पण इथे नेमकी तीच सुरुवात साधते. आत झोपलेल्या मार्टीचा नवरा क्लेम आदल्या दिवशी घोडा पडून मेला आहे. ती गर्भार आहे, पश्चिमेकडच्या ओसाड मुलखात तिला ओळखीचे कोणी नाही, आणि सूर्य मात्र रोजच्यासारखा उगवला आहे. ती ओळ दुसऱ्यांदा वाचली की ऊन बोचू लागते.

त्याच दिवशी, नवऱ्याला मूठमाती दिल्यावर, क्लार्क डेव्हिस नावाचा विधुर शेतकरी तिला लग्नाचे विचारतो. त्याच्या लहानग्या मिसीला आई हवी आहे. पाळक आजच या भागात आलेला आहे आणि पुन्हा वसंतातच येणार, म्हणून घाई. वसंतात पूर्वेकडे परतावेसे वाटले तर भाड्याचे पैसे तो देईल. दुसरा निवारा नसल्याने ती हो म्हणते. पुढे कितीतरी दिवस ती पॅनकेकच करत राहते, कारण तिला दुसरे काही येत नाही, आणि क्लार्क कुरकुर न करता ते खातो. शेजारची मा ग्रॅहम तिला स्वयंपाक शिकवते आणि स्वतःचीही गोष्ट सांगते. तीही अशीच विधवा होऊन अडचणीपोटी दुसऱ्या घरात आलेली, आणि प्रेम मागाहून, पावले न वाजवता आलेले. क्लार्क जेवणाआधी प्रार्थना म्हणतो. मार्टीला तो कोणाशी बोलतो हे सुरुवातीला उमगत नाही. धर्माचा उपदेश असा पीठ मळण्याच्या आणि गुरे पाहण्याच्या कामांत मुरलेला असल्यामुळेच हे पुस्तक टिकले.

विधवेपासून आरंभ करण्याचा धडा मुळात पवित्र शास्त्राचा आहे. रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे. दुष्काळाने ते उघडते, लवकरच तीन बायका विधवा होतात, आणि शेवट बेथलेहेमात रूथच्या बवाजाशी झालेल्या लग्नावर आणि बाळाच्या जन्मावर होतो.

मराठीत तर कादंबरीची सुरुवातच या वाटेने झाली. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी 1854 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. यमुना शिकलेली आहे, मनाने ख्रिस्ताकडे वळलेली आहे. नवऱ्याबरोबरच्या प्रवासात तिला ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे दिसतात, आणि मग तोच प्रसंग तिच्यावर येतो. अखेर ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते. मराठी समीक्षेने या पुस्तकाला समाजसुधारणेच्या आणि धर्मप्रचाराच्या खात्यात टाकले. ते बरोबरच आहे, पण विधवा, श्रद्धा आणि दुसरे लग्न हे तिन्ही धागे त्यात ‘लव्ह कम्स सॉफ्टली’च्या 122 वर्षे आधी विणलेले आहेत.