पूर्णा ते फाउंटन, चालत!

कामासाठी मी सीएसएमटीला उतरते आणि मान खाली घालून पळते. डेडलाइन, यार! पण मागच्या रविवारी पूर्ण्याहून बाबा आले. देवगिरी एक्स्प्रेसनं, सकाळी सकाळी. मी टॅक्सीला हात केला, तर म्हणाले, “रात्रभर बसूनच आलो. चालत जाऊ की!”

झालं, आमचा दादाभाई नौरोजी रोडचा वॉक सुरू! गाइड नाही, नकाशा नाही. फाउंटनपर्यंत जेमतेम एक किलोमीटर.

आधी मागं वळून स्टेशन बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत 1888मध्ये पूर्ण झाली, 2004मध्ये जागतिक वारसा ठरली. समोरचं महापालिका मुख्यालयही त्याचंच. मग कमानींखाली शिरा. 1896च्या नियमानं इथल्या इमारतींना फुटपाथवर सलग कमानी सक्तीच्या झाल्या. म्हणून तर भर पावसातही इथं चालता येतं! मोबाइल-कव्हरवाले अजून यायचे होते, त्यामुळे वरची दगडी नक्षी मला पहिल्यांदाच दिसली. बाबासाहेबांच्या संस्थेनं 1946मध्ये काढलेल्या सिद्धार्थ कॉलेजपाशी बाबांनी हात जोडले.

शेवटी हुतात्मा चौक. 1864चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “1956पर्यंत आपलं पूर्णा हैदराबाद राज्यात होतं. मुंबई आपल्याला मिळावी म्हणून 106 जण गेले. आणि तू इथून पळतेस?”

सोमवारी मी तिथं दोन मिनिटं थांबले. मीटिंगला उशीर झाला. चालतंय!

कधी जाल? रविवारी, सकाळी लवकर. सोबत? आई नाहीतर बाबा.