नगर ते हरेगाव : आनंदाची कसोटी

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, सोडून मनमाड रस्त्याने राहुरी आणि पुढे श्रीरामपूरवरून हरेगाव गाठायचे, तर हा प्रवास एका सकाळीत होतो. याच वाटेवर मराठी ख्रिस्ती समाजाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास पसरलेला आहे. ख्रिस्तावरच्या श्रद्धेने टिकाऊ आनंद लाभतो, असे चर्चमधल्या उपदेशांत नेहमी ऐकू येते. त्या म्हणण्याची पारख करायला नगर जिल्ह्याइतकी कठोर जागा क्वचितच सापडेल, कारण दुष्काळ, प्लेग आणि जातीचा जाच यांतले काहीच इथे कमी पडले नाही. भरल्या घरातले समाधान श्रद्धेमुळे आहे की भरल्या घरामुळे, हे ठरवता येत नाही. इथे मात्र ते ठरवता येते.

अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये ठाणे मांडले ते 1831 साली. सिंथिया फरार यांनी चालवलेल्या इथल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या, आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही 1842 मध्ये याच शहरात निघाले. शाळा आणि छापखान्याने विचार हलवले, पण उपासनेचा सूर बराच काळ परकाच राहिला. 1860 नंतर कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्तकथा कीर्तनाच्या फडात आणली, तेव्हा ती श्रोत्यांना आपली वाटू लागली. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यात आहे. अशा मुलखात देवाचे नाव गाऊन घेण्याची सवय फार जुनी. माणूस ज्या सुरात रडतो त्याच सुरात त्याला देवाचे नाव घेता आले, तरच ते नाव संकटातही त्याच्या तोंडी राहते.

संकटातही टिकणाऱ्या या आनंदाचा सर्वांत भक्कम पुरावा टिळक दांपत्याचा आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नातेवाइकांत राहिल्या, काही वर्षे दुरावा सोसला, मग नगरला आल्या. तरी आधी सोवळे सांभाळूनच. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे राहुरीतल्या संसारात पैसा कधी टिकला नाही, नवऱ्याचा स्वभाव तापट आणि लहरी, काही मुले लहानपणीच गेलेली. तरीही 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई ज्या मोकळेपणाने हसतात, विशेषतः स्वतःला हसतात, त्याला मराठीत तोड नाही. दुःखावर पांघरूण घालणारे हे हसू नव्हे. प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा केलेल्या बाईचे ते आहे. टिळकांच्या घरी कवी बालकवी ठोंबरे काही काळ राहिले, आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत म्हणून त्या घराची माया आटली नाही. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा संघ उभा केला. त्याचे दार बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही उघडे होते. संस्थेच्या आधारावर जगणारा आनंद पगाराबरोबर सुटला असता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : 1876–78 च्या दुष्काळानंतर जे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, ते धान्यासाठी झाले. काही जण तसे झाले असतीलही. उपाशी माणसाला त्यासाठी दोष देणे अवघड आहे. पण भुकेने येण्याचे कारण कळते, राहण्याचे कळत नाही. धान्यवाटप कधीच संपले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर तर अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाकारल्या गेल्या, म्हणजे श्रद्धा तोट्याची ठरली. तरी ती टिकली. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. जात चर्चच्या दाराशी थांबली नाही, आणि 1956 नंतर इथल्या अनेक दलितांना मुक्तीचा आनंद बुद्धाच्या वाटेवर सापडला. हे दोन्ही खरे आहे. त्यावरून इतके ठरते की आनंदाचा मक्ता एका धर्माकडे नाही, आणि ज्या मंडळीत पंगत वेगळी बसते तिथे उपदेशातला आनंद पोकळ असतो. लक्ष्मीबाईंना तो गवसला, तो सोवळे सुटल्यावर.

वाटेच्या शेवटी हरेगाव आहे, एके काळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यावर जगलेले. कारखाना बंद पडला, पण दर सप्टेंबरमध्ये इथल्या संत तेरेजा चर्चमध्ये मतमाउलीची यात्रा भरते, आणि मारियेला माउली म्हणत येणाऱ्यांत ख्रिस्तीतर भाविकही असतात. म्हणून या वाटेने काढलेला निष्कर्ष असा : श्रद्धेचा आनंद दुःख टाळून टिकत नाही. तो आपल्या भाषेत गाता आला, दुसऱ्याच्या सेवेत खर्ची पडला आणि पंगतीत सर्वांना सारखा वाढला गेला, तरच टिकतो. यांतली एक गोष्ट जरी सुटली, तरी उरतो तो केवळ सणाचा उत्साह.